चौदा नंबरची गुडरून

अंगावर दोराही नसलेल्या माणसांना किती नियम लागतात, हे क्रान्सवीकच्या किनाऱ्यावर चौदा नंबरच्या वाटेने उतरल्याखेरीज कळत नाही. एक ते तेरा नंबरच्या वाटांनी कापडवाले उतरतात, म्हणजे पोहायचे कपडे घालून समुद्रात जाणारी जनता. त्यांना नियम एकच: कुत्रा बांधून ठेवा. चौदा नंबरच्या पाटीखाली मात्र काचेच्या पेटीत तेवीस पानांची नियमावली टांगलेली आहे. वाऱ्यासाठी लावायचा कापडी आडोसा किती उंच असावा, दोन आडोशांत किती पावलं अंतर असावं, बटाट्याच्या सॅलडचा डबा उघडा ठेवून पाण्यात गेल्यास समुद्रपक्ष्यांबाबत तक्रार करता येणार नाही, कॅमेरा आणू नये, आणि कुठेही बूड टेकण्यापूर्वी खाली स्वतःचा टॉवेल अंथरलाच पाहिजे. या शेवटच्या कलमाचं सोवळं इतकं कडक, की एखाद्याने देव नाकारला तर चौदा नंबरवर त्याला कॉफी मिळेल. टॉवेलाशिवाय बाकावर बसला तर मिळणार नाही.

हे सोवळं राखण्याचं काम गुडरून पागेलकडे होतं. वय त्र्याहत्तर, रंग धुरी दिलेल्या हेरिंग माशासारखा, आणि अंगावर फक्त एक शिट्टी. ती शिट्टी तिने तेवीस वर्षांत चार वेळा वाजवली होती. तीन वेळा कॅमेरा होता आणि एकदा एक पाद्री, ज्याची वाट चुकली होती असं त्याचं म्हणणं होतं.

गुडरूनने तरुणपणी जे काम केलं ते ऐकून नवीन लोकांना हसू यायचं. भिंतीने देश दुभागला होता त्या काळात, पूर्वेकडच्या सरकारी कारखान्यात ती एकोणीस वर्षं बायकांचे पोहण्याचे पोशाख शिवत होती. दिवसाला बेचाळीस नग. कंबरेचं इलॅस्टिक कुठं काचतं, अस्तर कुठं ओलं राहतं, वाळू कुठल्या शिवणीत शिरून संध्याकाळपर्यंत छळते, हे तिच्याइतकं साऱ्या बाल्टिक किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच तिने तो पोशाख जन्मात अंगाला लावला नाही. हलवायाने स्वतःची जिलबी न खाण्यातला प्रकार. पुढे भिंत पडली, पश्चिमेकडून टाय लावलेले सद्गृहस्थ आले, त्यांनी कारखाना पाहिला, मान डोलावली आणि तो बंद केला. निवृत्त होईपर्यंत मग गुडरूनने शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले.

चौदा नंबरवर ती बाविसाव्या वर्षी आली, बापामुळे. बाप पोस्टमन. उन्हाळ्यातल्या रविवारी तो गणवेश घडी करून, बटणं आतल्या बाजूला घेऊन, दगडाखाली ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत पोस्टमन नसायचा. शेजारी जिल्ह्याचा पक्षसचिव पोट सोडून पडलेला असायचा, आणि तोही तेवढ्यापुरता सचिव नसायचा. बाप त्याला सांगायचा, बटाटे यंदाही सडके आले. आठवड्यातल्या इतर सहा दिवशी हे वाक्य महागात पडलं असतं. किनाऱ्यावर कुणी कुणाला आडनाव विचारायचं नाही, काय काम करतोस विचारायचं नाही, सगळे एकमेकांना नावाने आणि अरेतुरेने हाक मारणार. हे नियमावलीत नाही. लिहून ठेवण्याची कधी कुणाला गरज वाटली नाही.

"बातमी पोचवणाऱ्याला टिपणवही लागते," बाप म्हणायचा, "आणि वही ठेवायला खिसा लागतो. इथं खिसा कुणाला आहे?"

गुडरूनला हे फार पटलं होतं. माणसाला खिशाखेरीज डोकंही असतं, याचा विचार बापाने केला नव्हता आणि लेकीनेही केला नाही.

बावन्नाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तो काढून टाकला. दवाखान्यात एका मृदू आवाजाच्या बाईने तिला तीन पुस्तिका दिल्या. एकीत लिहिलं होतं की शोक करायला स्वतःला वेळ द्या. दुसरीत कृत्रिम भरावाच्या ब्रेसियरची चित्रं होती. ती शिवण पाहून गुडरूनला कारखान्याची लाज वाटली. तिसरी तिने उघडली नाही. घरी आल्यावर ओळखीचे लोक तिच्याशी बोलताना तिच्या कपाळाकडे पाहू लागले. बेकरीवाली पाव देताना इतकी हळुवार झाली, की गुडरूनने बेकरी बदलली.

जूनमध्ये जखम भरली तशी ती चौदा नंबरवर गेली. नेहमीच्या जागी टॉवेल अंथरला, आडोशाच्या चार काठ्या वाळूत ठोकल्या, कपडे काढले आणि बसली. छातीवर एका बाजूला आडवा, लालसर, तळहाताएवढा वण. शेजारी लिसबेट होती, चौदा नंबरच्या मंडळाची चिटणीस, शब्दकोडं सोडवत पडलेली. तिने चष्म्यावरून पाहिलं. वणाकडे पाहिलं, सरळ, नियमावलीत बसेल इतकाच वेळ. मग ती म्हणाली,

"तुझा आडोसा वाकडा लागलाय, गुडरून."

वाकडाच होता. डावा हात अजून वर जात नव्हता. लिसबेटने उठून काठी सरळ केली आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं. त्या दिवशी गुडरून घरी गेली ती चौदा नंबर मरेपर्यंत न सोडण्याचं ठरवून. तिच्या बाजूने हा सगळा हिशेब एका वाकड्या काठीचा होता.

फोल्कर आला तो यानंतर दहा वर्षांनी. पन्नाशीचा, उंच, पाठीवर तीळ, पोटावर अपेंडिक्सचा जुना वण, चेंडू खेळताना हमखास चुकणारा. रोस्टॉक शहराकडून कुठून तरी शनिवारी यायचा. गुडरूनच्या आडोशापासून तिसरा आडोसा त्याचा. टॉवेल अंथरताना डाव्या हाताने त्याचा एक कोपरा दोनदा ओढून सरळ करायचा, मगच बसायचा. ही सवय गुडरूनला फार आवडायची. सोवळ्यातल्या माणसाला दुसरा सोवळ्यातला भेटला की आवडतोच. तो मंडळाचा सभासद मात्र झाला नाही. दरवेळी पाहुणा म्हणून दिवसाचं तिकीट काढायचा. सभासद होण्यासाठी वहीत पूर्ण नाव लिहावं लागतं, आणि फोल्कर म्हणायचा, मला वह्यांचा कंटाळा आहे. गुडरूनला यात मोकळेपणा दिसला.

अकरा उन्हाळे तिने त्याच्या पाठीला मलम लावलं, कारण त्याची कातडी उन्हात भाजायची. अकरा उन्हाळे त्याने तिच्या थर्मासातली कॉफी प्यायली. तो काय करतो हे तिने विचारलं नाही. लिसबेटचा अंदाज होता, दातांचा डॉक्टर असावा, हात स्वच्छ असतात. गुडरूनने तिला झापलं की असले अंदाज करणं म्हणजे विचारण्यासारखंच.

दरम्यान गावात हॉटेल उभं राहिलं. सहा मजले, सगळी काच, प्रत्येक खोलीत पक्षी पाहण्यासाठी एकेक दुर्बीण. या हॉटेलात दर महिन्याला 'देहमैत्री' नावाचं शिबिर भरायचं. शहरातून दमलेली माणसं येत, पांढरे जाड झगे घालून गोल बसत, आणि एक सडपातळ मार्गदर्शिका त्यांना एकेकाला आरशासमोर उभं करून आपल्या पोटाची क्षमा मागायला लावी. लोक रडत. रडून झालं की त्यांना मोड आलेल्या धान्याचा नाश्ता मिळे. शिबिराच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं की प्रत्येक देह सुंदर आहे. माहितीपत्रकावर जे सहा देह छापले होते ते सुंदर होतेच.

लिसबेटने एकदा ते पत्रक किनाऱ्यावर आणलं. मंडळाच्या सभासदांनी ते हातोहात वाचलं. मग हाइनर नावाचा निवृत्त मच्छीमार, ज्याचं पोट मंडळातलं सर्वांत वडीलधारं पोट मानलं जाई, म्हणाला की मी याची क्षमा मागायला गेलो तर तीन दिवसांचं शिबिर पुरायचं नाही.

शिबिरातली माणसं आपल्या देहाशी मैत्री करून खोलीत परतत आणि दुर्बीण उचलत. सहाव्या मजल्यावरून पक्षी दिसत नसत, चौदा नंबर दिसे. मैत्री फक्त स्वतःच्या देहापुरतीच शिकवली असल्यामुळे हाइनरचा देह पाहून त्यांना त्रास होई. हॉटेलच्या वहीत तक्रारी जमू लागल्या. पुढच्या मार्चमध्ये हॉटेलने गावाकडे अर्ज केला: उघड्यांचा पट्टा चौदा नंबरवरून हलवून एकोणीस नंबरला न्यावा. एकोणीस नंबरला गावाचा नाला समुद्रात पडतो आणि पलीकडे कुत्र्यांचा किनारा आहे. तिथं वाळू जवळजवळ नाहीच, गोटे आहेत. त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी त्या गोट्यांवरून पाण्यात जायचं म्हणजे एकदाच जायचं.

गुडरूनला अर्जाची फारशी भीती वाटली नाही. पट्टा मंडळाला गावाने कित्येक वर्षांपूर्वी लेखी दिलेला होता, एका अटीवर. दरवर्षी शरदात मंडळाने वाळूच्या टेकडीवर गवत लावायचं, म्हणजे हिवाळी वादळात टेकडी समुद्रात जात नाही, आणि लावल्याचा अहवाल वर्षअखेर गावाला पाठवायचा. सलग दोन वर्षं अट मोडली तर पट्टा गावाकडे परत. गवत दरवर्षी लागत होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या उबदार शनिवारी सगळं मंडळ गमबूट आणि हातमोजे घालून, बाकी काही न घालता, रांगेत वाकून टेकडीवर गवताचे जुडगे खोचत जाई. परंपरा होती. त्या गवताची पाती कातरीसारखी असतात, पण परंपरा गवताच्या आधीची होती.

अहवालाचं मात्र काहीसं निराळं झालं होतं. तीस वर्षं तो लिसबेट लिहीत असे. मग एका वर्षी तिचं खुब्याचं हाड बदललं, पुढच्या वर्षी नवरा गेला, आणि दोन अहवाल राहिले. गावाच्या कचेरीत कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तीस वर्षं ते कुणी वाचतच नव्हतं. हे लिसबेटला माहीत होतं आणि गुडरूनला. आणि गेल्या सप्टेंबरात, गवत लावून झाल्यावर, टेकडीच्या आडोशाला कॉफी पिताना गुडरूनने ते फोल्करला सांगितलं. अर्ज तेव्हा व्हायचा होता. ती हसत म्हणाली होती की कुणाच्या लक्षात आलं तर आम्ही सगळे नाल्यावर. फोल्करही हसला होता आणि गुडघ्यावरची वाळू झाडली होती. त्या दोन वर्षीही तो गवत लावायला होता. त्याच्या तीन ओळी दरवर्षी वाकड्या जात.

मे महिन्यात ग्रामसभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. बंबगाड्या बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. पंचायतीचे नऊ सभासद लांब टेबलाशी, मधोमध सरपंच प्रूसबाई, समोर गाव. चौदा नंबरचे लोक पहिल्या दोन रांगांत, कपड्यांत. कपड्यांत ते सगळे थोडे बावळट दिसत होते. हाइनरने मुलीच्या लग्नातला कोट घातला होता आणि तो त्याला मिटवून ठेवल्यासारखा दिसत होता. लिसबेट आणि गुडरून शेजारी बसल्या. गुडरूनने जाकिटाच्या आत शिट्टी ठेवली होती.

हॉटेलतर्फे एक वकील उभा राहिला. करडा सूट, बिनकाठाचा चष्मा, चापून बसवलेले केस. सरपंचबाईंनी ओळख करून दिली: डॉक्टर टेस्मर, म्हणजे कायद्याचे डॉक्टर. गुडरूनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एक वकील दिसला. यात आश्चर्य नाही. सुटातली माणसं तिला लहानपणापासून एकसारखीच दिसत. कारखाना बंद करायला आले होते ते पाच जण तिला आजही वेगवेगळे सांगता आले नसते. एखाद्याला त्याच्या पाठीवरच्या तिळांनी ओळखणाऱ्या बाईला टाय काय सांगणार?

डॉक्टर टेस्मर पडद्यावर नकाशे दाखवत बोलले. आवाज ध्वनिक्षेपकातून येत होता, भाषा कचेरीतली. पाहुण्यांना होणारी दृश्य-अस्वस्थता, असं ते म्हणाले. वयोवृद्ध देहांची अनाहूत दृश्यमानता, असंही म्हणाले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की याचा अर्थ काय, तेव्हा हाइनरने मागे न वळता सांगितलं, "मी." लोक हसले. डॉक्टर टेस्मर हसले नाहीत. त्यांनी चष्मा सरळ केला आणि हळूच पुढचा कागद उचलला.

त्या कागदावर पट्ट्याची अट होती. मंडळाने दोन वर्षांचे वृक्षारोपण, नव्हे, तृणारोपण अहवाल सादर केलेले नाहीत. सबब अट मोडली आहे आणि पट्टा कायद्याने केव्हाच गावाकडे परत आला आहे. गवत प्रत्यक्ष लावलं होतं असा दावा मंडळ करील, पण छायाचित्र नाही, कारण मंडळ कॅमेऱ्याला बंदी करतं. आणि सभासदांची साक्ष धरता येणार नाही, कारण त्यांचा हितसंबंध आहे. अट मुळात गवताची आहे, अहवाल हा तिचा पुरावा; तो नसेल तर त्रयस्थाची साक्ष लागते. आणि गवत लावल्याचं कुणाही त्रयस्थ व्यक्तीने पाहिल्याची नोंद नाही.

लिसबेटचा हात गुडरूनच्या हातावर आला, बर्फासारखा.

"मी कुणालाच सांगितलं नाही," लिसबेट पुटपुटली. "आईची शपथ, गुडरून."

गुडरूनला ठाऊक होतं की लिसबेटने सांगितलं नाही. ती मनातल्या मनात आणखी कोण, आणखी कोण, असं शोधत होती आणि शोध प्रत्येक वेळी एकाच आडोशाशी येऊन थांबत होता, आणि तिथून ती आपल्या मनाला हाकलून परत आणत होती. चौदा नंबरवर खिसा नाही.

डॉक्टर टेस्मर आपल्या जागेकडे परतले. हॉलच्या खुर्च्या प्लास्टिकच्या, स्वच्छ. बसण्यापूर्वी त्यांनी वरच्या खिशातून मोठा पांढरा रुमाल काढला, झटकला, खुर्चीवर अंथरला, आणि डाव्या हाताने त्याचा एक कोपरा ओढला. मग पुन्हा एकदा ओढला. मग बसले.

सगळ्या हॉलमध्ये तो रुमाल पाहून कुणाला काही वाटलं नाही. पहिल्या दोन रांगांतल्या बावीस माणसांनी मात्र एकाच वेळी श्वास घेतला. सुटाच्या आत कुठे तीळ आहेत, कुठे वण आहे, खांद्याची कातडी कुठे सोललेली आहे, सगळं त्यांना एका दमात दिसलं. माणूस कपडे घालून इतका उघडा पडलेला त्यांनी पाहिला नव्हता.

गुडरून उठली. तिने चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. ते तिने खुर्चीवरच ठेवलं. सरपंचबाईंना तिने विचारलं की त्रयस्थ म्हणजे कोण. सभासद नसलेला आणि मंडळात हितसंबंध नसलेला, सरपंचबाई म्हणाल्या. असा एक माणूस दोन्ही वर्षी टेकडीवर होता, गुडरून म्हणाली. पाहुणा होता, दिवसाचं तिकीट काढून आला होता, आणि तीन ओळी त्याने स्वतःच्या हाताने लावल्या.

"कोण तो?" सरपंचबाईंनी विचारलं.

"त्याचं आडनाव मला आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलं," गुडरून म्हणाली. मग वकिलाकडे वळली. "फोल्कर, तूच सांग. गवत लावलं होतं की नाही?"

डॉक्टर टेस्मरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ हात होते. पंचायतीपुढे खोटं बोलणं वकिलाला परवडत नाही, सनद जाते. हा नीतीचा भाग नाही, धंद्याचा आहे, आणि म्हणूनच त्यावर विसंबता येतं.

"लावलं होतं," ते म्हणाले.

"दोन्ही वर्षी?"

"दोन्ही वर्षी."

"ओळी सरळ होत्या?"

"हे नोंदीसाठी आवश्यक नाही," सरपंचबाई म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.

पंचायतीने मत घेतलं. पट्टा चौदा नंबरवर राहिला, सहा विरुद्ध तीन. अहवाल वेळेवर पाठवण्याची लेखी समज मंडळाला मिळाली. हॉटेलला सुचवण्यात आलं की दुर्बिणी दुसऱ्या बाजूच्या खोल्यांत ठेवाव्यात, तिकडे बगळे असतात.

फोल्करने विश्वासघात केला असं गावात बोललं गेलं. पण तसं म्हणणं म्हणजे त्याला फार मोठं करणं होतं. विश्वासघाताला निदान काही रात्रींची झोप द्यावी लागते. हिवाळ्यात हॉटेलने त्याला काम दिलं, त्याने फाइल उघडली, त्यात एक फट हवी होती, आणि फट त्याला आधीच माहीत होती. कुठून माहीत होती याकडे त्याने लक्ष दिलं नाही. काम चोख केलं. असली माणसं जगात पुष्कळ असतात आणि त्यांच्यावाचून कुठलंही हॉटेल उभं राहत नाही.

खरी गंमत पुढे आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी तो आला.

चौदा नंबरच्या वाटेने उतरला, तिकीट काढलं, तिसऱ्या जागी आडोसा ठोकला, कपडे घडी करून पिशवीत ठेवले, टॉवेल अंथरला, कोपरा दोनदा ओढला आणि बसला. त्याला वाटत असावं की सूट काढला की सुटातलं सगळं त्याच्याबरोबर निघतं. गुडरूनच्या बापालाही तसंच वाटायचं. नियमावलीत त्याला हाकलण्याचं एकही कलम नव्हतं. गुडरूनने आदल्या रात्री तेवीसही पानं पाहिली होती. माणूस कोण आहे ते विचारता येत नाही, तर तो कोण आहे म्हणून त्याला काढता कसं येईल? तिची स्वतःची श्रद्धा तिच्या समोर टॉवेल अंथरून बसली होती.

तो उठून तिच्या आडोशाशी आला. हातात मलमाची ट्यूब होती. खांदे आधीच लाल झाले होते.

"गुडरून, रागावू नकोस," तो म्हणाला. "ते कामाचं होतं. इथं आपण कामाचं बोलत नाही ना?"

गुडरूनने थर्मासचं झाकण घट्ट केलं. उभी राहिली. शिट्टीला हातही लावला नाही.

"नाही बोलत," ती म्हणाली. "तुमचं अगदी बरोबर आहे, डॉक्टर टेस्मर. आज वारा पूर्वेचा आहे, साहेब, जरा सांभाळून बसा."

चौदा नंबरवर सत्तर वर्षांत कुणी कुणाला आडनावाने हाक मारली नव्हती. पक्षसचिवालाही नाही. फोल्कर ट्यूब हातात घेऊन उभा राहिला आणि तिच्या देखत त्याचे हात, कुठे ठेवावेत हे न कळून, अंग झाकायला हळूहळू पुढे येऊ लागले.

लिसबेटने शब्दकोड्यातून मान वर केली. "नमस्कार, डॉक्टर टेस्मर," ती अदबीने म्हणाली. "प्रकृती ठीक ना आपली?" हाइनर पाण्यातून निथळत येत होता, त्याने वाटेत थांबून लग्नातल्यासारखी मान लववली. "डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "माझ्या अनाहूत दृश्यमानतेची क्षमा असावी." पुढच्या आडोशातून, त्याच्या पुढच्या आडोशातून, सबंध किनाऱ्यावरून माणसं उठून उभी राहिली, अंगावर काही नसलेली, वण असलेली, पोटं असलेली, आणि कुणी मोठ्याने बोललं नाही, कुणी हसलं नाही. सगळ्यांनी कचेरीत बोलावं तसं आदराने डॉक्टर टेस्मरांना शुभ दिवस म्हटलं.

त्याने वीस मिनिटं काढली. मग टॉवेल उचलून कमरेला गुंडाळला, जे चौदा नंबरवर कुणी करत नाही, आणि आडोशामागे जाऊन कपडे घातले. शर्टाची सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा. वाटेवर चढताना त्याने एकदा मागे पाहिलं. गुडरून पाण्याकडे तोंड करून बसली होती.

तिला आनंद झाला असं लिसबेट म्हणते. लिसबेटला असल्या गोष्टी कळत नाहीत. त्या उन्हाळ्यात गुडरून थर्मासात कॉफी नेहमीइतकीच आणायची आणि संध्याकाळी उरलेली वाळूत ओतायची.

ऑगस्टमध्ये मंडळाची सभा झाली. लिसबेटने ठराव मांडला की यापुढे पाहुण्यांच्या तिकिटावर आडनाव आणि व्यवसाय लिहून घ्यावा. अडीच तास चर्चा झाली, त्यातला दीड तास व्यवसायात निवृत्त माणसाने काय लिहावं यावर. सगळ्यांना वाटलं गुडरून ठरावाच्या बाजूने असणार. तिने विरुद्ध हात वर केला, आणि तिचं पाहून हाइनरने, आणि ठराव पडला. लिसबेट तिच्याशी चार दिवस बोलली नाही.

"मूर्ख आहेस," पाचव्या दिवशी ती म्हणाली. "उद्या आणखी एखादा टेस्मर येऊन बसेल."

"बसू दे," गुडरून म्हणाली. "टॉवेल अंथरला म्हणजे झालं."

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिसऱ्या जागेवर एक नवा माणूस आला होता. चाळिशीचा, गोरापान, अंगावर एकही खूण नाही, हात स्वच्छ. नाव सांगितलं ओले. गुडरून त्याच्याकडे पाहत उभी राहिली, नियमावलीत बसेल त्याहून बराच जास्त वेळ. ओठांवर आलेला प्रश्न तिने गिळला, तेव्हा गळ्यातली शिट्टी हलली. मग तिने त्याच्यापुढे गमबुटांचा एक जोड टाकला आणि विचारलं, ओळ सरळ धरता येते का. येते, तो म्हणाला. सगळे असंच म्हणतात, गुडरून म्हणाली, आणि त्याला आपल्या शेजारची ओळ दिली.